छायाचित्र ‘काढणे’ आणि छायाचित्र ‘येणे’ : हौशी छायाचित्रकार, त्याचे परीक्षक व चित्रसंपादन

१

छायाचित्राविषयी बोलताना मराठी माणूस दोन क्रियापदे वापरतो, आणि त्या दोहोंचा कल परस्परविरुद्ध दिशांना आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फोटो ‘काढला’ असे म्हणताना काढणारा कर्ता समोर उभा असतो. तोच फोटो हाती पडला म्हणजे मात्र तो ‘चांगला आला’ किंवा ‘बिघडून आला’ असे म्हटले जाते. येथे कर्ता नाहीसा होतो, आणि पाऊस यावा किंवा पीक यावे तसे चित्र आपोआप येते. ‘काढणे’ या धातूचा संबंध प्राकृतातील ओढणे या अर्थाच्या ‘कड्ढ’ धातूशी आहे. पाणी विहिरीतून काढतात, रांगोळी अंगणात काढतात आणि चित्र कागदावर काढतात. फोटोसाठी मराठीने वेगळे क्रियापद घडविले नाही. कुंचल्याच्या चित्राचेच क्रियापद तिने यंत्राच्या चित्रालाही लावले.

शेजारच्या भाषांची निवड निराळी आहे. गुजराती माणूस फोटो ‘पाडतो’, बंगाली तो ‘उचलतो’, हिंदी भाषिक तो ‘खेचतो’. मुंबई व तिच्या उपनगरांत बोलल्या जाणाऱ्या हिंदीत फोटो ‘निकालना’ असा जो प्रयोग रूढ आहे तो मराठी ‘काढणे’ची छाया होय, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. मीरा-भाईंदर या शहरात मराठी, गुजराती, राजस्थानी व हिंदी बोलणारे लोक एकमेकांच्या शेजारी राहतात. भाईंदर स्थानकाच्या एका फलाटावर हे सर्व प्रयोग थोड्या वेळात कानी पडू शकतात.

‘काढणे’ आणि ‘येणे’ या दोन क्रियापदांमधील ताण केवळ व्याकरणाचा नाही. छायाचित्र ही मानवी कृती मानावी की निसर्गाने दिलेली साक्ष मानावी, हा प्रश्न त्या ताणात दडलेला आहे. हौशी छायाचित्रकार आपले चित्र दुसऱ्यास दाखवून अभिप्राय मागतो तेव्हा, आणि संगणकावर त्या चित्रात फेरफार करतो तेव्हा, हाच प्रश्न त्याच्यासमोर येतो. प्रश्न आजच्या संगणकाने निर्माण केला अशी समजूत आहे. पश्चिम भारतातील हौशी छायाचित्रणाचा आरंभकाळ पाहिला असता ती टिकत नाही.

२

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाला. लंडनची छायाचित्रण संस्था १८५३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पाठोपाठ ऑक्टोबर १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था मुंबईत निघाली. भारतातील या प्रकारची ही पहिली संस्था होय. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ मधील आहेत. मुंबईच्या संस्थेत लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी आणि सरकारी नोकर होते. त्यांपैकी बहुतेकांचा चरितार्थ छायाचित्रणावर चालत नव्हता, आणि म्हणूनच ते ‘हौशी’ होते. मराठीतील ‘हौस’ हा शब्द ‘हवस’ या अरबी शब्दातून फारसीच्या वाटेने आलेला आहे. त्याच्या इंग्रजी पर्यायाच्या मुळाशी प्रेम करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. दोन्ही शब्दांत द्रव्याची अपेक्षा नाही, ओढ आहे.

संस्थेच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांची गणना होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे काढीत. भाऊ दाजींचे मुख्य कार्य प्राचीन लेख व नाणी यांच्या अभ्यासाचे. अशा विद्वानास या नव्या कलेचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. शिलालेखाची हाताने केलेली नक्कल नक्कल करणाऱ्याच्या चुकांसह येते. छायाचित्र मात्र त्या चुकांपासून मुक्त असेल अशी त्या काळी आशा होती. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांची विजापूर व अन्य ठिकाणच्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक केली ती याच आशेने. त्याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे मुंबईत धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविणारे हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी होत.

अशा संस्थेची गरज का भासली हे समजण्यासाठी त्या काळची कृती ध्यानात घेतली पाहिजे. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण पसरावयाचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाशित करावयाची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत तिच्यावरील चित्र प्रकट करावयाचे, असा क्रम असे. मुंबईच्या उन्हात ती काच लंडनपेक्षा लवकर वाळे, द्रावणे लवकर बिघडत आणि विलायतेत छापलेल्या कोष्टकांतील प्रमाणे येथे उपयोगी पडत नसत. चित्र का बिघडले हे एकट्याने बसून कळणे कठीण होते. म्हणून संस्थेच्या बैठकी भरत, चित्रे मांडली जात, कृतींवर चर्चा होई आणि संस्थेचे नियतकालिकही निघे. या बैठकींत चित्रासोबत ते कसे केले याची हकीकतही मांडली जाई. अभिप्राय देणारा चित्राचे सौंदर्य पाही, आणि त्याबरोबर त्याला चित्राची कृतीही ठाऊक असे. या दोन गोष्टी पुढे एकमेकींपासून तुटत गेल्या.

३

विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी या संस्थेच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नावाचे मासिक प्रकाशन चालविले. त्यात छायाचित्रांचे मूळ ठसे चिकटविलेले असत व सोबत छापील मजकूर असे. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे लोक, त्यांचे पोशाख व धंदे हा त्यातील एक ठळक विषय होता.

पुढे याच जॉन्सनने ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लंडनहून दोन खंडांत, १८६३ व १८६६ मध्ये, प्रसिद्ध केला. मानवसमूहांचे वर्णन करणाऱ्या आरंभीच्या सचित्र ग्रंथांत त्याचे स्थान मोठे आहे. या ग्रंथातील अनेक चित्रे मात्र एका काचेवरील नाहीत. आधी काढलेल्या छायाचित्रांतील माणसांच्या आकृती वेगळ्या करून त्या दुसऱ्याच एखाद्या स्थळाच्या छायाचित्रावर छापलेल्या आहेत. ‘आल्बम’मध्ये साध्या पार्श्वभूमीवर बसलेली मंडळी या ग्रंथात एखाद्या देवळासमोर किंवा रस्त्यावर उभी केलेली दिसतात. ज्या जागी त्यांचे चित्र दिसते त्या जागी त्या वेळी ती माणसे नव्हती.

या कृतीकडे एकदम लबाडी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्या काळी चित्रे जुळविणे ही मान्य कला होती. इंग्लंडात ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचा जोडून एक मोठे रूपकचित्र तयार केले होते, आणि हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये पाच काचांतून एका मरणासन्न मुलीचे चित्र सिद्ध केले होते. त्यांवर वाद झाले, पण तो वाद उघड होता, कारण कृती उघड होती. शिवाय जुळवाजुळवीला तांत्रिक कारणही होते. कलोडियनच्या काचेला निळा रंग फार लवकर लागत असे. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे होऊन जाई. म्हणून अनेक छायाचित्रकार ढगांची वेगळी काच जवळ बाळगीत व छापताना ती जोडीत. समुद्राच्या एका चित्रातील ढग दुसऱ्या चित्रातही दिसावेत, असे प्रकार त्या काळच्या नामांकित कलावंतांच्या बाबतीतही आढळतात.

तरीही रेलँडर आणि जॉन्सन यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. रेलँडरचे चित्र नीतिकथा होते. ते प्रत्यक्ष घडलेले दृश्य आहे असे कोणी मानण्याची अपेक्षा नव्हती. जॉन्सनचे चित्र माहिती म्हणून दिलेले होते. अमुक जमातीचा माणूस असा दिसतो आणि अशा ठिकाणी वावरतो, असे ते वाचकास सांगत होते. येथे छायाचित्र ‘काढलेले’ होते, परंतु वाचकापुढे ते ‘आलेले’ म्हणून ठेवले गेले. आणि चित्रातील माणसांना विचारणारे कोणी नव्हते. संस्थेच्या बैठकीत चित्रकाराला प्रश्न विचारता येत असे. ग्रंथ विलायतेस जाऊन विकला गेला म्हणजे ती सोय संपत असे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात भारत सरकारच्या वतीने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. माणसांना नमुने म्हणून मांडण्याची ही प्रथा त्यात स्थिर झाली. अशा चित्रांचा साधन म्हणून वापर करणाऱ्या संशोधकास आज प्रत्येक पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते ते या कारणाने.

४

विसाव्या शतकात हौशी छायाचित्रणाचे स्वरूप पालटले. जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे अंधारा तंबू बरोबर नेण्याची गरज उरली नाही. १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा निघाला, आणि चित्र घेणारा व चित्र प्रकट करणारा यांची फारकत झाली. मुंबईत १९३२ मध्ये ‘कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ आणि १९३७ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्था निघाल्या. देशातील संस्थांचा महासंघ १९५३ मध्ये स्थापन झाला. या संस्थांनी प्रदर्शने भरविली, स्पर्धा घेतल्या आणि हौशी लोकांना शिस्त लावली. अभिप्रायाचे रूप मात्र बदलले. परीक्षक तयार चित्र पाहतात व गुण देतात. मांडणी, छटा, विषय यांचा विचार होतो, पण चित्र कसे सिद्ध झाले हे सांगण्याची जबाबदारी पूर्वीइतकी उरत नाही.

छापताना एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे, दुसरा अधिक प्रकाश देऊन गडद करणे, काचेवर पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग घालविणे, या गोष्टी अंधाऱ्या खोलीतील नित्याच्या होत्या. गावोगावच्या स्टुडिओंत काळ्या-पांढऱ्या चित्रावर हाताने रंग चढवीत. दिवंगत वडील व हयात मुलगे यांना एका चौकटीत बसवून देत. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील छायाचित्रांचा जो अभ्यास १९९७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यात अशा जुळविलेल्या चित्रांचा विस्ताराने विचार आहे. तेथील गिऱ्हाइकास छायाचित्राने आपली केवळ नक्कल द्यावी अशी अपेक्षा नव्हती. आपण जसे असावे असे वाटते तसे चित्र त्याला हवे होते. महाराष्ट्रातील घरांच्या भिंतींवरही अशी रंगविलेली चित्रे दीर्घकाळ होती. त्यांनी कोणाची फसवणूक केली असे म्हणता येणार नाही, कारण घरातील प्रत्येकास चित्राचा इतिहास ठाऊक होता. चित्र घराबाहेर गेले आणि तो इतिहास बरोबर गेला नाही, म्हणजे अडचण सुरू होते.

साठोत्तर काळात बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा आणि उटकमंडच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म यांनी मध्यमवर्गाच्या हातात छायाचित्रण आणले. बारा चित्रांचा एक रोल सणासमारंभांतून पुरवून वापरावयाचा, ‘धुवायला’ द्यावयाचा आणि किती चित्रे ‘आली’ याची वाट पाहावयाची, हा त्या पिढीचा अनुभव होता. ‘येणे’ हे क्रियापद रूढ होण्यास ही प्रतीक्षा पोषक ठरली असावी. या सर्व काळात एक गोष्ट कायम होती. मूळ काच अगर फिल्म शिल्लक राही. छापील प्रतीवर कितीही संस्कार केले तरी मूळ पाठ कपाटात असे, आणि शंका आली तर तो काढून पाहता येई.

५

संगणकाने यातील नेमकी हीच गोष्ट बदलली. टॉमस व जॉन नॉल या बंधूंनी घडविलेली ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी तयार केलेली ‘गिंप’ ही आज्ञावली १९९६ पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि खर्च न करता चित्रसंपादन करून पाहू इच्छिणारा हौशी मनुष्य बहुधा तिच्याकडेच वळतो. या आज्ञावल्यांतील साधनांची नावे भाषाभ्यासकास उद्बोधक वाटतील. चित्राचा भाग उजळविण्याच्या व गडद करण्याच्या साधनांना ‘डॉज’ व ‘बर्न’ ही नावे आहेत, आणि ती अंधाऱ्या खोलीतील हातांच्या हालचालींची आहेत. रेषा ठसठशीत करणाऱ्या साधनाचे ‘अनशार्प मास्क’ हे नाव अनेकांस कोड्यात टाकते, कारण ‘अनशार्प’ म्हणजे अस्पष्ट. मूळ कृतीत एक अस्पष्ट प्रत मूळ काचेशी जोडून छापावी लागे. ती प्रत गेली, नाव राहिले. शब्दांच्या रूपाने जुना कारखाना यंत्रात जिवंत आहे. ढगांची वेगळी काच जोडण्याची १८५० च्या दशकातील युक्तीही परतली आहे. आकाश बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका आज्ञेने होते.

फरक कृतीत नसून तिच्या खुणांत आहे. जॉन्सनने जोडलेल्या आकृतींच्या कडा आज बारकाईने पाहणाऱ्यास दिसतात. संगणकाने जोडलेल्या आकाशाची कड दिसेलच असे नाही. मूळ धारिकेवर बदललेली धारिका साठविली तर मूळ पाठ कायमचा नष्ट होतो. मराठी बोलण्यात ‘फोटोशॉप केलेला’ हे विशेषण ‘खोटा’ या अर्थाने वापरले जाऊ लागले आहे, ते या अविश्वासामुळे. विशेष असे की ‘हुबेहूब’ हा शब्दही परकाच आहे. ‘तो तोच’ अशा अर्थाच्या अरबी पदावलीतून तो आला. खात्री आणि संशय या दोहोंसाठी मराठीने बाहेरून शब्द घेतले. ‘काढणे’ व ‘येणे’ ही घरची क्रियापदे मात्र तशीच चालू राहिली.

या कामास मराठीत ‘संपादन’ म्हणतात. तो शब्द योगायोगाने मिळाला असला तरी त्याने एक उत्तम दाखला हाती दिला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीत संपादकाने पाठ निवडावा, प्रसंगी मान्य श्लोक वगळावा, हे सर्व मान्य होते. अट एकच होती. वगळलेला पाठ पृष्ठाच्या तळाशी किंवा परिशिष्टात दिला पाहिजे, म्हणजे संपादकाशी मतभेद असलेल्या वाचकास मूळ सामग्रीपर्यंत पोहोचता येईल. पाठभेदांची नोंद नसलेली आवृत्ती कितीही सुबक असली तरी विद्वानांच्या उपयोगी पडत नाही. छायाचित्राच्या संपादनास हाच न्याय लागू पडतो. फेरफार करणे हा दोष नाही. फेरफाराची नोंद पुसणे हा दोष आहे.

६

मीरा-भाईंदरच्या बाबतीत हा विचार निव्वळ तात्त्विक राहत नाही. साष्टी बेटाच्या उत्तर टोकावरील या भागात १९८५ मध्ये नगरपरिषद झाली व २००२ मध्ये महानगरपालिका झाली; उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे, नवघर, घोडबंदर यांसारखी गावे तीत येतात. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली वस्ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. इतक्या वेगाने वाढलेल्या शहरात मिठागरे, खाडीकाठची तिवरे आणि शेताचे बांध डोळ्यांदेखत बदलले. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला धारावीचा किल्ला चौक येथे आहे. मोहिमेची बखर लिहिली जाते, पण मिठागराची बखर कोणी लिहीत नाही. त्याचा पुरावा कोण्या हौशी माणसाने रविवारी सहज काढलेल्या छायाचित्रांतच सापडण्याचा संभव अधिक आहे.

असा हौशी माणूस उत्तनच्या किनाऱ्यावर मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांचे चित्र काढतो, घरी येऊन ते संगणकावर उघडतो, फिकट आकाशाच्या जागी तांबडे आकाश घालतो, मागील इमारत नको वाटते म्हणून ती पुसतो आणि जाणत्यांस विचारतो : ‘कसा आला आहे?’ त्यास उत्तर मिळते : ‘सुंदर आला आहे.’ प्रश्न आणि उत्तर दोन्ही ‘येणे’ या क्रियापदात बांधलेली आहेत. पण पुसलेली ती इमारत अमुक वर्षी उभी होती की नव्हती, हे पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकास त्याच चित्रावरून ठरवावयाचे असेल. त्या वेळी चित्र त्याला चुकीचे उत्तर देईल, आणि चित्रकाराचा हेतू सौंदर्याचा होता ही गोष्ट त्याच्या उपयोगी पडणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. मूळ धारिका वेगळी ठेवावी. संस्कारित प्रत तिच्यावर लिहू नये. कॅमेरा चित्रासोबत आपण होऊन नोंदवितो ती तारीख व वेळ पुसली जाऊ देऊ नये. चित्राखाली स्थळ लिहावे, आणि आकाश बदलले असेल किंवा काही काढून टाकले असेल तर तसे एका ओळीत सांगावे. अभिप्राय देणाऱ्यानेही १८५४ च्या मुंबईकर सभासदांचा शिरस्ता पुन्हा उचलावा आणि चित्र कसे दिसते हे सांगण्यापूर्वी ते कसे केले हे विचारावे. चित्र चांगले करण्याचा मार्गही बहुधा त्याच प्रश्नातून निघतो, कारण कृती कळल्याशिवाय सुधारणा सुचविता येत नाही.

छायाचित्र काढावेही लागते आणि ते येतही असते. मराठीने ही दोन्ही क्रियापदे दीडशेहून अधिक वर्षांच्या व्यवहारात जवळ बाळगली, त्यांतील एकही टाकले नाही. कॅमेऱ्यापुढे जे होते त्यातून जे आले ते कोणते आणि हाताने जे काढले ते कोणते, हे चित्राखाली नोंदविण्याचे काम भाषा करीत नाही. ते काम चित्र काढणाऱ्याचे आहे.